दादर टीटीचा ‘टीटी’



मागच्या अंकात सुट्टीत मुलांनी काय वाचावे यावर लिहिले होते. या वेळी मुलांना घेऊन काय पाहावे, यावर लिहायचे आहे. निमित्त झाले एका कोऱ्या चौकटीचे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आठवीच्या वर्गाला दरवर्षी ‘माझे शहर’ नावाचा प्रकल्प देतो. एका मोठ्या कागदावर तीन चौकटी आखायच्या. पहिलीत शहराची माहिती, दुसरीत एक प्रसिद्ध वास्तू आणि तिसरीत ‘या शहराशी माझ्या घराण्याचे नाते’. पहिल्या दोन चौकटी मुले भराभर भरतात. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, गेटवे ऑफ इंडिया समुद्रकिनारी आहे, सोबत दुकानातून आणलेले चित्र. तिसऱ्या चौकटीत बहुतेक जण ‘आम्ही येथे राहतो’ एवढे लिहून मोकळे होतात.

यंदा एका मुलाने ती चौकट कोरीच ठेवली. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखे. आम्हाला वाटले विसरला असेल. विचारले तर म्हणाला, “लिहिण्यासारखे काही नाही, सर.” मधल्या सुट्टीत पुन्हा जवळ बोलावले तेव्हा हळूहळू बोलला. काही दिवसांपूर्वी अब्बांबरोबर लोकलने जाताना बसण्याच्या जागेवरून कुणाशी बोलाचाली झाली. तो माणूस अब्बांना म्हणाला, “बाहेरून येता आणि इथे हक्क सांगता.” अब्बा गप्प राहिले. घरी आल्यावरही त्या गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत. “मग मी त्या चौकटीत काय लिहू?” मुलाने आम्हाला विचारले.

इतकी वर्षे वर्गावर उभे राहतो आहोत, पण त्या क्षणी उत्तर सुचले नाही. “असे बोलणे मनावर घेऊ नकोस, बेटा,” एवढेच म्हणालो. ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि आम्हालाही.

रात्री दस्तरखानवर हा विषय निघाला. आमचे मामू ब्याऐंशी वर्षांचे आहेत. डोंगरीतली त्यांची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, तेव्हापासून ते आमच्याकडे मुंब्र्याला असतात. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, “अरे, वर्गात बसवून पोरांना शहर कसे कळेल? घेऊन चल त्यांना. मीही येतो. ट्रामचा रस्ता दाखवतो.”

मुंबईतली ट्राम बंद होऊन साठ वर्षे झाली. पण मामूंच्या बोलण्यात तो रस्ता अजून ‘ट्रामचा रस्ता’च आहे.

कुरआनात जमिनीवर हिंडून-फिरून मागच्या लोकांच्या खुणा पाहण्याची ताकीद पुन्हा पुन्हा आली आहे. ही ताकीद दूरच्या प्रवासासाठीच आहे असे आपण समजतो. रोज ज्या रस्त्याने जातो तोही कधी थांबून पाहावा, हे आपल्या लक्षात येत नाही. आम्ही ठरवले की येत्या रविवारी जायचे. पहिल्या खेपेला बारा मुलगे, दोन पालक, मामू आणि आम्ही. मुलींची सहल पुढच्या रविवारी आमच्या सहकारी बाईंनी नेली. मुलींनी मुलांपेक्षा चांगले प्रश्न विचारले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

बोरीबंदर

सकाळच्या लोकलने निघालो. मुलांना सांगितले, आज ज्या मार्गाने आपण जातो आहोत तो हिंदुस्थानातला सर्वांत जुना प्रवासी रेल्वेमार्ग आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढायला तीन इंजिने. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ मुंब्र्याच्या डोंगराजवळून कल्याणपर्यंत गेले. ‘सुलतान’ हे नाव ऐकून मुलांना मोठी मजा वाटली. विजेवरची लोकल मात्र बरीच नंतरची. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ती याच स्थानकातून कुर्ल्याला हार्बर मार्गाने धावली.

स्थानकाची आजची भव्य इमारत पहिल्या गाडीच्या वेळी नव्हती. तिचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला दहा वर्षे लागली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे तिचे वास्तुकार. २००४ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच.

बाहेर आल्यावर मुलांना रस्त्याच्या पलीकडची घुमटांची इमारत दाखवली. अंजुमन-ए-इस्लाम. ही संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, कोकणी व्यापारी नाखुदा मोहंमद अली रोघे अशा मंडळींनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी ती उभी केली. हेच बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले.

“आता १८७४ हे साल लक्षात ठेवा,” आम्ही मुलांना म्हणालो. “त्याच वर्षी या रस्त्यावर आणखी एक गोष्ट सुरू झाली.”

घोड्यांची ट्राम, विजेची ट्राम

९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. ती घोडे ओढत. स्टर्न्स अँड किटरेज ही कंपनी ती चालवी. कंपनीच्या घोड्यांचे तबेले कुलाब्याला होते. आज तिथे बेस्टचे इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे. सुरुवातीला दोन मार्ग होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. म्हणजे दोन्ही वाटा येऊन मिळत त्या आपल्या पायधुणीला.

कुलाबा ते पायधुणीचे भाडे तीन आणे होते. गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच नव्हते. पैसे द्यायचे आणि बसायचे. पण तीन आणे ही रक्कम कष्टकऱ्याच्या दिवसभराच्या कमाईतला मोठा वाटा होता. पुढे भाडे दोन आण्यांवर आले. एका मुलाने लगेच विचारले, “सर, मग गरीब लोक कसे जायचे?” चालत जायचे. शहरात सोय आली म्हणजे ती लगेच सगळ्यांची झाली असे होत नाही. तिला सगळ्यांची करावी लागते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नसतो, पण रस्त्यावर तो सहज सापडतो.

घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घेतली ७ मे १९०७ रोजी. पहिली विजेची ट्राम निघाली ती महानगरपालिकेच्या कचेरीसमोरून, क्रॉफर्ड मार्केटकडे. आम्ही उभे होतो तिथूनच. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली आणि १९३७ मध्ये दुमजली बसही आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, ही सगळी वाहतूक आणि वीज कंपनी महानगरपालिकेच्या मालकीची झाली. तोपर्यंत खासगी असलेली ‘बेस्ट’ तेव्हापासून मुंबईकरांची झाली.

मुले माना डोलावत होती, पण खरे कान टवकारले ते मामू बोलू लागल्यावर. मामू बारा वर्षांचे असताना, १९५५ च्या सुमारास, दाभोळहून बोटीने मुंबईला आले. आधी पडावात बसून बोटीपर्यंत जायचे, मग रात्रभर समुद्र. धक्क्यावर त्यांचे चुलते घ्यायला आले होते. त्यांनी मामूंना ट्राममध्ये बसवले. “मी आयुष्यात पहिल्यांदा चाकाच्या गाडीत बसलो ते ट्राममध्ये,” मामू म्हणाले. “गावी बैलगाडी होती, पण ती आमची नव्हती.”

मुले हसली. मामूही हसले. मग ट्रामवाला पायाने घंटा कशी वाजवायचा, ते त्यांनी फुटपाथवर पाय आपटून दाखवले. डोंगरीत चुलत्यांच्या खोलीत राहायचे, भेंडीबाजारात पुस्तके बांधायच्या दुकानात काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रामने दादरपर्यंत जाऊन परत यायचे. बसपेक्षा ट्राम स्वस्त होती. उतरायचे नाही, काही घ्यायचे नाही, नुसते शहर पाहायचे.

जामा मशीद आणि एक चूक

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. वाटेत मामूंनी मुसाफिरखान्याकडे बोट दाखवले. एके काळी देशभरातले हाजी रेल्वेने बोरीबंदरला उतरत, या भागात मुक्काम करत आणि मग जहाजाने जेद्दाहला जात. निरोप द्यायला आलेल्या नातेवाइकांनी रस्ता फुलून जाई. १९९५ मध्ये जहाजाने हजला जाण्याची सोय बंद झाली. आता हाजी विमानतळावर जातात.

जुहरची नमाज जामा मशिदीत अदा केली. मुलांना वुजू करताना हौदातले मासे दिसले आणि त्यांचे पाय तिथून हलेनात. ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. तलाव बुजवायचा नाही या अटीवर त्याने ती दिली. १७७५ मध्ये काम सुरू झाले आणि १८०२ मध्ये पुरे झाले. खाली पाणी, त्यावर कमानी आणि वर मशीद. शहरातले इतर कितीतरी तलाव बुजले, त्यांची नुसती नावे उरली. हा मात्र एका माणसाच्या अटीमुळे टिकला.

बाहेर आल्यावर आम्ही मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितले, “आणि याच मशिदीवरून आपल्या मशीद बंदर स्टेशनला नाव पडले.” ही गोष्ट आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. एकदा फळ्यावरही लिहिली आहे.

मामू थांबले. म्हणाले, “नाही रे. ती ही मशीद नव्हे. ती बेने इस्राईलांची मशीद.”

मुले आमच्याकडे पाहू लागली. आम्ही मामूंना म्हणालो, “मामू, यहुद्यांच्या प्रार्थनास्थळाला मशीद कोण म्हणेल?”

“तेच म्हणतात,” मामू म्हणाले. “आपल्या कोकणातले शनवार तेली. घरात मराठी बोलणारे. सॅम्युअल स्ट्रीटला त्यांची जुनी मशीद आहे. चल, दाखवतो.”

गेलो. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर, मालाच्या हातगाड्या आणि टेम्पोच्या गर्दीत ती वास्तू उभी आहे. मुंबईतले हे सर्वांत जुने यहुदी प्रार्थनास्थळ १७९६ चे. ते उभारले सामाजी हसाजी दिवेकर यांनी. दिवेकर म्हणजे दिवेआगरचे. बेने इस्राईल समाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या प्रार्थनास्थळाला ते मराठीत ‘मशीद’च म्हणत. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाचे कैदी झाले. त्या समाजात अशी हकीकत सांगतात, की हे कैदी ‘बनी इस्राईल’ आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, कारण हे नाव तिने कुरआनात ऐकले होते. कैदेतून सुटल्याचे शुक्र अदा करण्यासाठी दिवेकरांनी मुंबईत हे प्रार्थनास्थळ बांधले.

घरी आल्यावर आम्ही वाचनालयात जाऊन पुस्तके चाळली. मामूंचे म्हणणे खरे निघाले. सोमवारी वर्गात गेल्यावर पहिले काम ते केले. फळ्यावर लिहिले की मशीद बंदर या नावाबद्दल आम्ही आजवर चुकीचे सांगितले, आणि बरोबर काय ते लिहिले. मागच्या वर्षांच्या मुलांना आता कसे कळवायचे, हा प्रश्न उरला. म्हणून हे इथेही लिहितो आहोत. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी हे मासिक येत असेल तर त्याने चूक दुरुस्त करून घ्यावी.

एका पालकाने विचारले, “सर, नाव आपल्या मशिदीवरून नाही, हे मुलांना सांगायची काय गरज होती? अभिमान वाटत होता तर वाटू द्यायचा.” त्यांचा हेतू चांगला होता. पण साक्ष खरी द्यावी, मग ती आपल्या विरुद्ध का जाईना, हे आपल्याला दीनने शिकवले आहे. आणि खोट्या अभिमानाला एक दुसरेही भय असते. उद्या कुणी बाहेरच्याने ती चूक दाखवली, तर मुलाला आपल्या सगळ्याच गोष्टी खोट्या वाटू लागतील. जामा मशिदीचा तलाव खरा आहे, अंजुमन खरी आहे, माहीमला सहाशे वर्षांपूर्वी राहून कुरआनाची तफसीर लिहिणारे मखदूम अली माहिमी खरे आहेत. दुसऱ्याचे आपल्या नावावर लावण्याची आपल्याला गरज नाही.

उलट आम्हाला तर या खऱ्या गोष्टीतच जास्त आनंद वाटला. एका स्टेशनचे नाव मशीद, ती बांधणारा यहुदी, त्याची भाषा मराठी, गाव कोकणातले आणि आजूबाजूला गुजराती, कच्छी, मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या. मुंबई ही अशी आहे.

पायधुणी ते दादर

पायधुणीला आल्यावर मुलांना नावाचा अर्थ विचारला. एकाने बरोबर सांगितले, पाय धुण्याची जागा. पूर्वी मुंबई सात बेटांची होती. भरतीचे पाणी बेटांच्या मधल्या सखल भागात शिरे. ते ओलांडून आलेले लोक इथे पाय धूत, असे सांगतात. जवळच उमरखाडी आहे. नावातच खाडी आहे, आज पाण्याचा थेंब दिसत नाही. डोंगरी म्हणजे छोटा डोंगर. ज्या रस्त्यावरून बस जाते तिथे कधी समुद्र होता.

“मग इथे मूळचे कोण?” कोऱ्या चौकटीवाल्या मुलाने विचारले. त्या दिवसातला त्याचा हा पहिलाच प्रश्न होता.

कोळी मूळचे. बाकी सगळे आगेमागे आले. कुणी सहाशे वर्षांपूर्वी, कुणी दोनशे, कुणी गेल्या वर्षी. कुणी होडीने आले, कुणी रेल्वेने. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आले, गुजरातेतून आणि कच्छमधून व्यापाराला आले. आल्यावर त्यांनी खाड्या भरल्या, रूळ टाकले, गिरण्या चालवल्या, ओझी वाहिली. शहर या सगळ्यांनी मिळून बनवले. आम्ही हे सांगितले तेव्हा मुलगा काही बोलला नाही.

पायधुणीहून दादरची बस धरली. दुमजली बस मिळेल अशी मुलांना आशा होती. जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या. आता विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बस धावतात, पण आम्हाला साधीच बस मिळाली. मोहंमद अली रोड, मग जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय, भायखळा, लालबाग, परळ. मामू खिडकीशी बसून एकेक नाव घेत होते. भायखळ्याला त्यांनी मुलांना खिलाफत हाऊसबद्दल सांगितले. लालबाग-परळला गिरण्यांच्या चिमण्या शोधत राहिले. बहुतेक ठिकाणी आता काचेचे टॉवर आहेत.

शेवटी बस दादर टीटीला थांबली. “टीटी म्हणजे काय, कुणाला माहीत आहे?” कुणालाच माहीत नव्हते. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम इथे येऊन थांबे. ट्राम गेली, रूळ गेले, चौकाला खोदादाद सर्कल असे नाव आहे, पण टॅक्सीवाल्यांपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे अजून दादर टीटीच म्हणतात. ट्राम जन्मात न पाहिलेली माणसे दिवसातून दहादा तिचे नाव घेतात.

मामूंनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, जी आम्हीही कधी ऐकली नव्हती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली. मामू तेव्हा एकवीस वर्षांचे. दुकान बंद करून, इशाची नमाज पढून, दोन मित्रांबरोबर बोरीबंदरला गेले. गर्दी इतकी की आत शिरायला जागा मिळाली नाही. ट्राम निघून गेली आणि तिघे जण रुळांच्या कडेने चालत डोंगरीला परत आले. “म्हटले, दादरला जाऊ कधीतरी,” मामू म्हणाले. त्यानंतर दादरला ते शेकडो वेळा गेले असतील. पण त्या दिवशी चौकात उभे राहून ते बराच वेळ रस्त्याकडे पाहत होते. मग आम्हाला म्हणाले, “असरची वेळ किती झाली?”

रूळ दादरला दिसले नाहीत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी फ्लोरा फाउंटनला जावे. काही वर्षांपूर्वी तिथे दुरुस्तीचे खोदकाम चालू असताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. ते तिथेच लोकांना पाहण्यासाठी ठेवले आहेत.

तिसरी चौकट

आठवड्याने तो मुलगा आपला कागद घेऊन आला. तिसरी चौकट भरलेली होती, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिले होते. सहलीहून घरी गेल्यावर त्याने दादीला विचारले, आपण मुंबईत कसे आलो? त्याआधी त्याने हे कधी विचारले नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते. दादीने सांगितले. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातले गाव सोडून त्याचे दादा मुंबईला आले. दाणाबंदरला हमाली करू लागले. रोज लोकलने मशीद बंदरला उतरायचे आणि धान्याची पोती उचलायची. पुढे घाऊक बाजार वाशीला गेला तोपर्यंत त्यांनी तेच काम केले.

त्याच्या कागदावरचे शेवटचे वाक्य असे होते: “माझे दादा ज्या स्टेशनवर उतरत त्याचे नाव कुठून पडले ते त्यांना माहीत नव्हते, मला माहीत आहे.”

आम्ही त्याला विचारले, अब्बांना वाचून दाखवलेस का? म्हणाला, “अब्बांनी स्वतःच घेऊन वाचले. मग आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या मागे लिहिल्या आहेत.”

लोकलमधल्या त्या माणसाला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला आजही नेमके सांगता येणार नाही. त्याच्याशी भांडून काही साधेल असे वाटत नाही. पण मुलाच्या मनात जो रिकामेपणा होता तो त्या माणसाने निर्माण केला नव्हता. तो आपण केला होता. घरातल्या गोष्टी घरातल्या मुलांना न सांगून.

आपल्या घरी करण्यासारखे

हा लेख वाचून ज्यांना असे काही करावेसे वाटेल, त्यांच्यासाठी थोडे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारा. मुंबईत किंवा तुमच्या शहरात पहिल्यांदा कधी आणि कशाने आलात? पहिल्या रात्री कुठे राहिलात? पहिली कमाई कुठली? रोज कोणत्या वाटेने कामाला जात होता? मुलांनाच विचारू द्या आणि मुलांनाच लिहू द्या. मराठीत, उर्दूत, जशी येईल त्या भाषेत. आजीला, नानीला विचारायला विसरू नका. पुरुष कामाचे सांगतात, शहरात घर कसे बसले ते बायका सांगतात.

जुने कागद रद्दीत टाकू नका. मामूंनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चुलत्यांच्या नावाच्या भाडेपावत्या जपून ठेवल्या होत्या. घरातली मुले त्या फेकायला निघाली होती. चाळ रिकामी करताना हक्काचा पुरावा म्हणून त्याच पावत्या कामी आल्या. जुने फोटो, पास, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, हजचे कागद, सगळे एका जागी ठेवा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा.

आणि महिन्यातून एक रविवार मुलांना घेऊन बसने फिरा. आम्ही सांगितलेला मार्ग एका दिवसात आरामात होतो. सकाळी बोरीबंदर, जुहरला जामा मशीद, दुपारी पायधुणी आणि असरच्या आधी दादर टीटी. तुम्ही पुण्यात, सोलापुरात, औरंगाबादेत, रत्नागिरीत असाल तर तिथलाही असा एखादा रस्ता असेलच. फक्त सांगणारे माणूस सोबत हवे. ते घरात असेल, तर आजच विचारा.

मामू आता मुलींच्या सहलीलाही जाऊन आले. पुढच्या महिन्यात नववीचा वर्ग मागे लागला आहे. गुडघे दुखतात, पण नाही म्हणत नाहीत. अल्लाह त्यांना सेहत आणि आयुष्य देवो, आणि आपल्या सर्वांच्या घरातल्या थोरांचा साया आपल्यावर कायम ठेवो. आमीन.